पहिली कोण पडली

४ नोव्हेंबर

टाचणी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, आणि सप्रेम लिहिलं तर तू हसशील. म्हणून नुसतंच नाव लिहिलं. तेही शाळेतलं, कारण तुझं खरं नाव या घरात बेचाळीस वर्षांत कुणी घेतलेलं नाही. पत्ता आईच्या वहीतून घेतला आहे. चुकीचा असेल तर पत्र परत येईल, तेवढं तरी कळेल.

सरळ विचारते. सिनेमावाल्यांना डब्याचं तूच सांगितलंस ना?

माहीत नसल्याचं सोंग आणू नकोस. आपल्या शाळेवर सिनेमा काढतायत. शाळा चार वर्षं बंदच होती. आता भिंतींना पुन्हा तो हिरवट रंग फासलाय, घंटा टांगलीय, आणि चाळीस-पन्नास पोरींना आपल्यासारखे निळे स्कर्ट शिवलेत. मुली पडायला लागल्या त्या आठवड्याची गोष्ट आहे. चार दिवसांत एकोणीस मुली. कुणाची दातखीळ बसली, कुणी हसतच सुटली, कुणी हातपाय झाडत होती. विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं, नव्या रंगाच्या वासावर आळ आला, आणि शेवटी चौकशीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की एकीनं सोंग केलं आणि बाकीच्या तिचं बघून पडल्या. ती एक म्हणजे तू. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा कुणीही सांगितलं असेल.

डब्याचं मात्र आपल्या दोघींनाच ठाऊक होतं.

परवा दुपारी सिनेमावाल्यांची एक मुलगी दारात आली. चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा खिशात शोधतेय. म्हणाली, "काकू, तुमच्याकडे जुनी वस्तू टाकलेली नसते असं शेजारी सांगत होते."

हे आतून म्हणाले, "टाकलेली? माझा पडलेला दात आहे हिच्याकडे, डबीत."

मी तिला शाळेच्या दोन रिबिनी आणि पट्टा काढून दिला. आपण स्कर्टच्या चुण्या ओल्या करून रात्रभर गादीखाली कशा ठेवायचो, तेही सांगितलं. ती सगळं लिहून घेत होती. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि काकू, डबे कसे असायचे तेव्हा? आमच्या सीनमध्ये ती बुटकी दोन डबे खाते. एक तिचा, एक तिच्या बहिणीचा."

रिबीन तिला ओढून घ्यावी लागली. मी सोडतच नव्हते.

आईला ठाऊक नव्हतं, मोठ्या बाईंना नव्हतं, यांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. मग सिनेमावाल्यांना कोण सांगणार? तू माझी मावसबहीण. आमच्या घरी राहिलीस, माझ्या ताटाशेजारी ताट मांडून जेवलीस. रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण घरातली गोष्ट पडद्यावर न्यायची?

पंधरा दिवसांत उत्तर दे. सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे. खर्चाची सबब नको.

मोठी


१९ नोव्हेंबर

टाचणी,

उत्तर नाही. पत्रही परत आलेलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू वाचून गप्प बसली आहेस. गप्प बसणं तुला पहिल्यापासून चांगलं जमतं.

मी आता रोज शाळेत जाते. चष्मेवालीनं मुलींच्या वेण्या घालायला बोलावलं आहे. आपल्यासारख्या दुमडून कानामागे बांधलेल्या वेण्या तिथल्या कुणालाच येत नाहीत. नाही म्हणणार होते. पण तिथं काय चाललंय ते घरी बसून कळलं नसतं.

प्रार्थनेचा हॉल तसाच आहे. दाराशेजारी मॉनिटरनं उभं राहायची पांढरी खूण त्यांनी पुन्हा रंगवली आहे, पण दीड फूट चुकली आहे. मी सांगितलं नाही. खूण कुठं होती हे मला एवढं नेमकं कसं आठवतं, असं कुणी विचारलं असतं.

ती चष्मेवाली साधी नाही. काल मी वेण्या घालत असताना शेजारी येऊन बसली. "काकू, पहिली पडली ती मुलगी तुमची कोण?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, रजिस्टरमध्ये दोघींचा पत्ता एकच आहे, म्हणून विचारलं."

आजारपणाचं रजिस्टर, टाचणी. ऑफिसच्या कपाटात सापडलं त्यांना. कपडे सांभाळणाऱ्याच्या टेबलावर उघडं पडलं होतं, माझ्या अक्षरातलं. पहिल्या दिवशीच्या सहा मुली. पहिलं नाव तुझं.

मग त्यांची तालीम झाली. तुझं काम करणारी पोरगी अकरा वर्षांची आहे, दोन दात किडलेले, बोलघेवडी. तिला भिंतीआड बसवून दोन्ही डबे खायला लावतात. मग ती मैत्रिणीला डोळा मारते, हॉलमध्ये येते, आणि प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीला धाडकन अंग टाकते. परीक्षा चुकवायची म्हणून. दिग्दर्शक म्हणाले, "छान. अजून लबाड दिस." पोरगी अजून लबाड दिसली. सगळे हसले. मीही हसले असेन, शेजारी चष्मेवाली माझ्याकडे बघत होती.

रजिस्टरचं म्हणशील, तर आज लिहूनच टाकते. नावं मी मुद्दाम तशी लावलेली नाहीत. मोठ्या बाईंना कुठलीही यादी हजेरीच्या नंबरानंच लागायची, हे तुला आठवत असेल. आणि नंबर उंचीवर असायचे. सगळ्यांत बुटकी तू, म्हणून तू एक. मी एकतीस. त्या दिवशी कच्च्या कागदावर लिहिलेली नावं पक्क्या रजिस्टरात उतरवायला त्यांनी मला ऑफिसात बसवलं, तेव्हा मी सवयीनं नंबरानं उतरवली. वेळेचा रकाना रजिस्टरात नव्हताच. डॉक्टर बाहेरचे, त्यांना आमची पद्धत काय माहीत. त्यांनी वरून खाली वाचलं आणि वरचं नाव ते पहिलं पडलेलं धरलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कुणी विचारलं नाही.

आई गेली तेव्हा तू आलीस, दाराशी उभी राहिलीस, आणि जाताना "रजिस्टर बरं आहे ना?" एवढंच विचारून निघून गेलीस. तेव्हापासून मला वाटायचं, तू कधीतरी याचं उट्टं काढशील. आता काढते आहेस असं दिसतं.

यांनी मघाशी विचारलं, "कुणाला लिहितेस?"

"बँकेला."

"बँकेला चार पानं?" म्हणाले आणि पेपर वाचत बसले. पण तो पेपर कालचा होता. त्यांनाही काही कळलं आहे का, हे मला कळत नाही.

मोठी


२ डिसेंबर

टाचणी,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. फाडलं नाही, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पुढचं लिहिलं. तेव्हा खाडाखोड दिसली तर दिसू दे.

तू सांगितलेलं नाहीस, हे मला आज कळलं.

चष्मेवालीनं एक फाईल आणून माझ्यापुढे ठेवली. "काकू, हे जुनं अक्षर मला सगळं लागत नाही. वाचून दाखवाल?" चौकशीचे कागद होते. मला वाटलं ही मला अडकवतेय. वाचते की नाही, कुठं अडखळते, हे बघायला बसली आहे. म्हणून अगदी सरळ आवाजात वाचायला सुरुवात केली. तुझा जबाब होता.

दोन डबे का खात होतीस? भूक लागते.
दुसरा डबा कुणाचा? सापडला.
प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तू रांग का सोडलीस? माझे डोळे उघडे होते.
काय पाहिलंस? काही नाही.
मग जमिनीवर कशी आलीस? उत्तर नाही.

समासात डॉक्टरांनी लिहिलं आहे की दुसऱ्या डब्याच्या झाकणावर बहिणीचं नाव कोरलेलं आहे, अर्थात मुलगी बहिणीचा डबाही चोरून खाते. सिनेमावाल्यांना डबा तिथून मिळाला.

मी फाईल मिटली. चष्मेवाली पाणी घेऊन आली.

तू अकरा वर्षांची नव्हतीस तेव्हा, पंधरा-सोळाची होतीस. नुसती बुटकी. समोर डॉक्टर, मोठ्या बाई, आणखी दोन माणसं. "डबा मोठीचा, तिनंच दिला, तिचा कडक उपास होता" एवढं म्हणाली असतीस तर सुटली असतीस. मी तुला "कुणाला सांगू नको, नवस मोडतो" म्हटलं होतं, आणि तू सांगितलं नाहीस. आणि मी गेल्या महिन्यात तिकीट लावलेलं पाकीट पाठवून तुला चोर ठरवायला निघाले होते. ते पत्र परत घेते. त्यातली एक ओळही ठेवू नकोस.

आता ऐक. तुला सगळं ठाऊकच आहे, पण मी कधी तोंडानं म्हटलेलं नाही.

मॅट्रिकला गणितात पास व्हावं म्हणून मी तीन दिवस अन्न घेणार नाही असं देवाला बोलले होते. आई ओरडली असती म्हणून डबा तुला देत होते. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला मॉनिटर म्हणून दाराजवळ मी उभी होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तिसऱ्या ओळीला माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी पडले. तू नेहमीप्रमाणे चोरून बघत होतीस, म्हणून तुला दिसलं. तू रांग सोडून धावत आलीस, खाली बसून माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि ओरडलीस. त्या ओरडण्यानं मी भानावर येऊन उठून बसले, आणि सगळ्यांनी डोळे उघडले. त्यांना काय दिसलं? तू जमिनीवर आणि मॉनिटर तुझ्याशेजारी वाकलेली. मग एकामागून एक मुली पडायला लागल्या.

तू पडलीच नव्हतीस. कच्च्या कागदावर तुझं नावच नाही. तिथं पाच नावं आहेत आणि पहिल्या नावाच्या जागी "मी" लिहिलंय. पक्कं लिहिताना मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ती बुटकीपण खालीच होती, तिचंही घाल." मी घातलं. नंबरानं घातलं.

मला कुणी विचारलं नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. आईनं विचारलं होतं. तुला तुझ्या वडिलांकडे धाडायचं ठरलं, तू बाहेर वळकटीवर बसली होतीस, आणि आईनं मला आत बोलावलं. "मोठे, देवासमोर उभी राहून सांग. ही पडली होती का?"

मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये आहे तेच खरं."

मोठ्या बाईंनी हॉलमध्ये सांगितलं होतं, जिनं हे सुरू केलं तिचा परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. माझा गेला. मी पास झाले, गणितात नवस फळला म्हणून देवापुढे नाक घासलं. तू शिवणाच्या कारखान्यात बसलीस. इतकी वर्षं मी समजूत घातली की चूक नंबरांची होती, डॉक्टरांची होती. नंबरांची चूक एक दिवसाची होती. दुसऱ्या दिवसापासूनची माझी.

कच्चा कागद माझ्याकडे आहे. हसू नकोस. पाठकोरा होता, वाया कशाला घालवायचा म्हणून त्याच आठवड्यात मागच्या बाजूला मी सकाळची प्रार्थना उतरवून घेतली. बेचाळीस वर्षं रोज तोच कागद हातात धरून म्हणते. केव्हाच पाठ झाली आहे, तरी धरते. उलटून मात्र बघत नाही.

तुझ्या पडण्याचा तो सीन बारा तारखेला घेणार आहेत. एकदा घेतला की मग तू जगभर तशीच. तुझी नातवंडंसुद्धा बघतील.

दहा दिवस आहेत.

मोठी


११ डिसेंबर

टाचणी,

दहातले आठ दिवस मी काही केलं नाही, हेही लिहायलाच हवं. वेण्या घातल्या. एक दिवस डोकं दुखतं म्हणून गेले नाही. आमच्या प्रार्थना मंडळात बायका एकमेकींच्या भांडणात मला मध्ये घेतात, "या खोटं बोलायच्या नाहीत" म्हणतात. ते सारखं कानात घुमत होतं.

काल यांना सांगितलं. सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे बँक ही होती," म्हणाले.

"हो."

"मंडळात काय सांगशील?"

"हेच."

थोड्या वेळानं बघते तर बूट घालून दारात उभे. "चल मग. एकटी गेलीस तर वाटेत भाजी घेऊन परत येशील, मला माहीत आहेस तू."

दिग्दर्शक जेवायला बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, "काकू, उंच मुलगी उपाशीपोटी चक्कर येऊन पडली. यात गोष्ट कुठं आहे?"

"पडण्यात नाहीच. लिहिण्यात आहे."

"पण कशावरून? आता तुम्ही बहिणीला वाचवायला हे सांगत नाही कशावरून? इतकी वर्षं कुठं होतात?"

बरोबरच होतं त्यांचं. माझ्या बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणी संशय घेतला, आणि तोही मी खरं बोलत असताना. मी पर्समधून प्रार्थना काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना वाटलं, म्हातारी आता शपथ घेणार. मी कागद उलटला.

चष्मेवाली रजिस्टर घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवली. तेच अक्षर, तीच शाई, फक्त कागदावरच्या पहिल्या शब्दांत हात थरथरलेला. कागद म्हणजे शाळेच्या छापील सूचनेचा अर्धा तुकडा, वर त्या वर्षाची तारीख. घडीवर चार ठिकाणी समईच्या तेलाचे डाग. चष्मेवालीनं पाच नावं मोजली, रजिस्टरातली सहा मोजली, आणि तुझ्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ही इथं नाहीच."

दिग्दर्शक बराच वेळ वाचत होते. जेवण गार झालं. मग म्हणाले, "हे दाखवायचं तर तुमचं नाव येईल, काकू. लेखी द्यावं लागेल."

मी दिलं. साक्षीला यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं वाचून सही केली नव्हती."

ते सीन बदलतील की नुसतेच हो म्हणाले, मला माहीत नाही. माझा अजून त्यांच्यावर विश्वास नाही. उद्या सकाळी कळेल.

मोठी


१३ डिसेंबर

टाचणी,

तुझं पाकीट काल सकाळी आलं, मी निघायच्या वेळेला. माझंच पाकीट, माझंच तिकीट, आत एक ओळ.

"मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता कशाला सांगेन."

पहिल्या पत्राचं उत्तर आहे ते. तू ते महिनाभर ठेवलंस की पुढची पत्रं वाचून पाठवलंस, हे ओळीवरून कळत नाही. मी पुष्कळ वेळा वाचून पाहिलं. तुझं अक्षर बदललेलं नाही, अजून ओळ सोडून वर चढतं.

सीन बदलला. पांढरी खूण मी दीड फूट सरकवून घेतली. माझं काम करणारी मुलगी उंच आहे, चांगली आहे, पण तिला पडता येईना. आधी हात टेकायची, मग कंबर, मग हळूच डोकं, जशी काही गादीवर निजतेय. सात वेळा झालं. दिग्दर्शक वैतागले. "काकू, तुम्ही कशा पडला होतात? दाखवता?"

हे मागून म्हणाले, "अहो, गुडघे धरलेत तिचे." पण मी पदर खोचला होता.

पडून दाखवलं नाही, तेवढं आता होत नाही. खाली बसले आणि जशी पडले होते तशी आडवी झाले, डावा गाल फरशीवर. फरशी गार होती. टाचणी, इतकी वर्षं मी ती सकाळ कागदावर पाहिली, वरून, नावांच्या क्रमानं. फरशीवरून काय दिसलं होतं ते विसरूनच गेले होते. सगळ्या मुलींचे बूट दिसतात, रांगेत, गप्प उभे. आणि त्यांतून दोन बूट धावत येतात.

त्या किडक्या दातांच्या पोरीला मी म्हटलं, "तिथून पळत ये बघू." ती आली. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं, तिच्या बुटांच्या नाड्या छान बांधलेल्या होत्या. मी चष्मेवालीला त्या सोडायला लावल्या. तू कधी बांधायची नाहीस. आई रोज ओरडायची, पडशील म्हणून.

पोरगी पुन्हा पळत आली, नाड्या फरफटत. खाली बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं. ओरडायचं ते विसरली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "आजी, तुम्ही खरंच पडला होतात?"

"हो गं," मी म्हटलं. "मीच पडले होते."

कच्चा कागद सोबत पाठवते आहे. त्यांनी फोटो काढून घेतला, मूळ मी मागून घेतला. तो तुझा आहे. मागच्या बाजूची प्रार्थना मला पाठ आहे.

पाकीट पुन्हा घातलं आहे, तिकीट लावून. या वेळी मुदत घातलेली नाही.

मोठी